दुसरा रकाना

माझ्या नणंदेला घरात सगळे 'शंभरात' म्हणायचे. तोंडावर नव्हे, तोंडावर त्या ताईच. पण कुणी काही सांगायला लागलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, शंभरात किती? शेजारच्या काकांनी एकदा ऐटीत सांगितलं की त्यांचे चुलते जन्मभर विड्या ओढून नव्वदीपर्यंत ठणठणीत जगले. ताई म्हणाल्या, छान, आणि त्यांच्याबरोबर विड्या ओढणारे बाकीचे कुठे आहेत? बाकीचे कधीच गेले होते, म्हणून तर त्यांची गोष्ट कुणी सांगत नव्हतं. शितावरून भाताची परीक्षा, असं मी एकदा सहज बोलून गेले तर त्या म्हणाल्या, "चालेल. पण आधी भात ढवळलाय का ते बघ."

त्या आरोग्य खात्याच्या आकडेवारी विभागात होत्या. माणसं कशाने मरतात, कुठे जास्त मरतात आणि त्यातली किती वाचवता आली असती, हे शोधणं त्यांचं काम. मृत्यूच्या दाखल्यावर कुणी 'हृदय बंद पडले' एवढंच कारण लिहिलं की त्यांचं डोकं फिरायचं. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं, ते कारण नव्हे, तो शेवट आहे, असं म्हणून त्या त्या डॉक्टरला फोन लावायच्या आणि खरं कारण निघेपर्यंत पिच्छा सोडायच्या नाहीत. असं काम करणारी बाई रुक्ष असेल असं मला लग्नाआधी वाटलं होतं. पण जेवताना सगळ्यात जास्त हसवायच्या त्याच.

माझं स्वतःचं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि कोपऱ्यात वाट बघायला बाक. डोकं दुसऱ्याच्या हातात असलं की बायकांचं मन आपोआप मोकळं होतं, त्यामुळे शहरात कोण काय बोलतं हे मला वर्तमानपत्राच्या आधी कळतं. म्हणूनच ताईंनी केलेल्या एका तक्त्याचं पुढे काय झालं ते मी जवळून पाहिलं.

एका वर्षी खात्याने पहिल्यांदाच हृदयाच्या ऑपरेशनांचा तक्ता जाहीर केला. प्रत्येक सर्जनच्या नावापुढे दोन रकाने होते. पहिल्यात, शंभर ऑपरेशनांमागे किती रुग्ण दगावले. दुसऱ्यात, त्या सर्जनकडे आलेल्यांची वयं, आधीचे आजार, किती घाईने आणलं होतं हे सगळं धरलं तर साधारण सर्जनच्या हातून त्यातले किती दगावले असते. दुसरा रकाना तयार करायला ताई आणि त्यांची माणसं हॉस्पिटलांच्या रेकॉर्डरूममध्ये महिनोन्‌महिने फायली वाचत बसली होती.

मोठ्या वर्तमानपत्राने पहिला रकाना छापला आणि दुसरा गाळला. नावं क्रमाने लावली. सगळ्यात वर असलेल्या डॉक्टरांचा हसरा फोटो, आणि सगळ्यात खाली असलेल्या बाईंचा ओळखपत्रावरचा, पोलिसांनी काढल्यासारखा. वरच्यांकडे शंभरात एक जण दगावला होता, बाईंकडे सात. गाळलेल्या रकान्यात मात्र वरच्यांपुढे एकच होता आणि बाईंपुढे दहा. म्हणजे वरच्यांकडे जितके जाणार असं धरलं होतं तितकेच गेले. आणि जिथे दहा जायचे तिथे बाईंनी सातच जाऊ दिले. तक्ता पूर्ण वाचला तर शहरातले सगळ्यात तयार हात कदाचित त्या बाईंचेच होते. पण पूर्ण वाचायला मिळाला कुणाला?

ताई त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन आल्या. तिथल्या संपादकांनी नम्रपणे सांगितलं की एका नावापुढे दोन आकडे दिसले की वाचक गोंधळतात. ताईंनी विचारलं, "मग आता एकाच आकड्याने त्यांचा गोंधळ मिटला का?" त्यावर त्यांना चहा मिळाला, उत्तर नाही.

आठवड्याच्या आत माझ्या पार्लरमध्ये त्या डॉक्टरबाईंचं 'यमाची मावशी' असं बारसं झालं. एकीने सांगितलं, तिच्याकडे जाऊन परत आलेला माणूस दाखवा. तेव्हा बाकावर बसलेली एक गिऱ्हाईक हळूच म्हणाली की आमचे हे आले की परत, आता रोज फिरायला जातात. मग पहिली म्हणाली, "तुमचं नशीब." गेला तर डॉक्टरमुळे, वाचला तर नशिबामुळे. हा हिशेब कुणालाच खटकला नाही.

याच सुमाराला बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जिना चढताना धाप लागायला लागली. बाबांनी हयात बस चालवण्यात घालवली होती. वयामुळे होतं, असं ते म्हणायचे, आणि सोय म्हणून आम्हीही ते मानून घ्यायचो. एका दुपारी ते जिन्यातच कोसळले. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती, दोन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या, हृदय थकलं होतं आणि मूत्रपिंडही धड नव्हतं. छाती उघडून ऑपरेशन करण्याला पर्याय नव्हता.

माझ्या नवऱ्याने जाहीर केलं की न्यायचं तर पहिल्या नंबरच्या डॉक्टरांकडेच. आम्ही गेलो. त्यांनी सगळे कागद शांतपणे पाहिले आणि आपण औषधांवर ठेवू म्हणाले. ताईंनी विचारलं की औषधाने झडप उघडते का. नाही, म्हणाले. त्यांनी कागद परत फायलीत लावले. मग म्हणाले, "तुमच्याशी खोटं बोलत नाही. तो तक्ता आल्यापासून आम्ही सगळेच जपून पावलं टाकतोय. अशा दोन-चार केसेस दगावल्या की माझं नाव खाली जाईल. मग ज्यांना मी सहज वाचवू शकतो तेही माझ्याकडे यायचे बंद होतील."

मला त्यांचा राग यायला हवा होता, पण माणूस खरं बोलत होता. खाली उतरताना ताईंनी कठडा घट्ट धरला होता. तक्ता त्यांचा, आणि दार बंद झालं ते त्यांच्याच वडिलांच्या तोंडावर. रस्त्यावर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आता जिथे मी आधीच न्यायला हवं होतं तिथे जाऊ."

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि माणसं दोनच. बाई बुटक्या, पिकलेल्या केसांच्या. केस त्या आरशात बघून स्वतःच कात्रीने कापतात हे मला पाहताक्षणी कळलं. त्या आमच्याशी नाही, बाबांशी बोलल्या. काय त्रास होतो, काय करावंसं वाटतं पण होत नाही, हे विचारलं. बाबा म्हणाले की खाली चौकापर्यंत जाऊन मित्रांबरोबर पत्ते खेळायचे आहेत, आणि परत वर यायचं आहे. मग ते सरळच म्हणाले, "बाई, तुमच्याकडे माणसं जास्त मरतात म्हणे."

माझ्या नवऱ्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई शांत होत्या. "हो, मरतात. दुसरीकडे घेत नाहीत ती माझ्याकडे येतात. आणि कधीकधी माझ्या हातूनही कमी पडतं. दोन्ही खरं आहे."

"मग माझ्यासारख्यांचं काय होतं?"

"तुमच्यासारखी शंभर माणसं आली, तर ऑपरेशनमध्ये किंवा त्यानंतरच्या दिवसांत बाराएक जातात. बाकीची घरी जातात. काहींना बरं व्हायला फार वेळ लागतो."

"आणि नाहीच केलं तर?"

"दोन वर्षांत निम्मी जातात. उरलेली खुर्चीतून फारशी उठत नाहीत."

बाबांनी मान हलवली. इतकं उघड त्यांच्याशी इतक्या दिवसांत कुणी बोललं नव्हतं. बाई आमच्याशी लाडीगोडी करत नव्हत्या आणि भीतीही घालत नव्हत्या. मला त्या तिथेच आवडून गेल्या.

घरी आल्यावर गंमत झाली. मी म्हटलं, बाराच ना, म्हणजे बाबा सुखरूप येणार. त्याच वेळी माझा नवरा म्हणत होता, बारा, म्हणजे बाबा गेल्यातच जमा. एकच आकडा एकाच खोलीत दोघांनी ऐकला, आणि एकीने त्याचा शून्य केला, दुसऱ्याने शंभर. ताईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाल्या, "बारा म्हणजे बारा. अठ्ठ्याऐंशी घरं हसतील आणि बारा घरं रडतील. आपलं घर कुठलं, हे मला मोजता येत नाही. कुणालाच येत नाही. मोजता येतं असं जो सांगेल, त्याच्यापासून लांब राहा."

नवऱ्याचं समाधान झालं नाही. शेवटच्या नंबरच्या हातात बाप द्यायचा, हेच त्याच्या मनातून जाईना. तेव्हा ताईंनी बाबांनाच विचारलं की डेपोत त्यांना घाटाचा रूट का द्यायचे. बाबा म्हणाले, नवशिक्याला दिला असता तर गाडी दरीतून काढावी लागली असती. आणि सगळ्यात जास्त पोचे कुणाच्या गाडीला असायचे? बाबा हसायला लागले. "माझ्याच." हसता हसता त्यांना धाप लागली, आणि ती ओसरल्यावर त्यांनी मुलाला जवळ बोलावून सांगितलं की मी घाटातल्या ड्रायव्हरकडेच जाणार. बारांमध्ये निघालो तर बाईंना बोल लावायचा नाही.

ऑपरेशनची तारीख ठरली. त्याच आठवड्यात ताईंनी एक लेख लिहिला. दोन्ही रकाने म्हणजे काय, एकाच रकान्यावर विश्वास ठेवला तर कठीण रुग्णांना कुणी हात का लावणार नाही, हे साध्या भाषेत. शेवटी लिहिलं होतं की माझ्या वडिलांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात याच डॉक्टरबाई करणार आहेत, धोका शंभरात बाराचा आहे, आणि ते वाचले किंवा गेले तरी या लेखातलं काहीही त्यामुळे खरं किंवा खोटं ठरणार नाही. बाबांनी तो वाचून घेतला आणि आपलं वय एक वर्षाने कमी का लिहिलं नाही म्हणून कुरकुर केली.

मी मात्र घाबरले. म्हटलं, ताई, निदान ऑपरेशन होऊ द्या, मग छापा. लोकांच्या तोंडाला कोण लागणार?

त्या चष्मा पुसत होत्या. "नंतर बाबा वाचले तर लोक म्हणतील, बाप वाचला म्हणून गोडवे गाते. गेले तर कदाचित माझंच मन मला लिहू देणार नाही. आत्ता मला निकाल ठाऊक नाही. खरं लिहायला याच्याइतकी चांगली वेळ नाही."

मोठ्या वर्तमानपत्राने लेख घेतला नाही. एका लहानशा साप्ताहिकाने घेतला, दोन्ही रकान्यांसकट. वरिष्ठांनी ताईंना बोलावून घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या, पण आकडे खात्याचेच असल्यामुळे त्यांना काही करता आलं नाही. माझ्या पार्लरमध्ये लेखाची पानं हातोहात फिरली. काहींनी नीट वाचला, दोघी-तिघींनी शंका विचारल्या. एकीने मात्र स्वतःच्या बापावर प्रयोग करते म्हणून नाक मुरडलं. मी तिचे केस कापत होते. हात थांबवला नाही, एवढंच.

ऑपरेशन फार लांबलं. डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या आणि हृदय चालू आहे, पुढचे दिवस अवघड आहेत असं सांगून गेल्या. बाबा शुद्धीवर आले, नळ्यांच्या गर्दीतून त्यांनी ताईंचा हात दाबला. मग मूत्रपिंडाने काम सोडलं, ताप चढला आणि थकलेल्या हृदयाला तो भार पेलवेना. एका भर दुपारी बाई बाहेर आल्या, उभ्याने बोलल्या नाहीत, आमच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ते गेले." ईश्वरेच्छा, शर्थीचे प्रयत्न, असलं काही नाही. ताई चष्मा हातात धरून लहान मुलीसारख्या रडल्या. बाई निघून गेल्या नाहीत. आमचं रडून होईपर्यंत तिथेच बसल्या.

व्हायचं तेच झालं. लोक म्हणाले, बघा, आम्ही म्हणत होतो ना. मोठ्या वर्तमानपत्राच्या बातमीदाराचा फोन आला की आता ताईंना लेखात काही बदलावंसं वाटतं का. मी शेजारीच होते. ताई म्हणाल्या, "मी लिहिलं होतं की शंभरातली बारा माणसं जातात. माझे वडील त्या बारांत होते. एक शब्द बदलायचा नाही." पलीकडून त्याने विचारलं असावं की तुम्हाला राग येत नाही का. "येतो," त्या म्हणाल्या, "पण मला राग आला म्हणून त्यांच्या हाताची सफाई कमी होत नाही."

माझ्या नवऱ्याने बहिणीशी बोलणं टाकलं. आकड्यांच्या हट्टापायी बाप घालवला, असं तो तिच्या तोंडावर बोलला होता, आणि ताईंनी ते ऐकून घेतलं होतं. बाबांनी बजावलेलं तो विसरला नव्हता; कळत होतं, पण वळत नव्हतं.

मग एके दिवशी डॉक्टरबाई घरी आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. ताई आमच्याकडेच होत्या. बाई खिडकीजवळच्या बाबांच्या खुर्चीसमोर बसल्या आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या की तुम्हाला जे विचारायचं असेल ते विचारा. त्याने विचारलं की नेमकं काय चुकलं. बाईंनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये. मी क्रम बदलला असता, आधी रक्तवाहिन्या आणि मग झडप, तर वेळ थोडा वाचला असता का? मला माहीत नाही. आम्ही सगळे बसून तेच तपासतोय. जे निघेल ते तुम्हाला कळवीन."

नवऱ्याने भांडायची पुष्कळ तयारी करून ठेवली होती. आता समोर भांडायला कुणी नव्हतं. मग त्याने विचारलं की बाबांसारखे पेशंट तुम्ही आता घेणार का. बाई म्हणाल्या की काही महिने सोप्या केसेस करा असा हॉस्पिटलचा आग्रह आहे, आणि त्यांनाही थकल्यासारखं झालं आहे.

"घ्या," तो म्हणाला. "तुम्ही नाही घेतलंत तर ते कुठे जातील? आमचे बाबा या खिडकीत बसून मरणाची वाट बघत राहिले असते. त्यापेक्षा त्यांनी चौकापर्यंत जायचा एक प्रयत्न तरी केला."

ताई पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेल्या. त्या संध्याकाळी त्यांना घरी सोडायला तो स्वतःहून निघाला. वाटेत दोघं काय बोलली ते मला ठाऊक नाही, पण तो परत आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते आणि त्याला सडकून भूक लागली होती.

क्रमाचं पुढे काय निघालं तेही बाईंनी कळवलं. बाबांच्या बाबतीत फरक पडला असता असं दिसत नव्हतं, पण त्या तपासणीतून दुसऱ्याच एका पायरीवर वेळ वाचवता येतो हे लक्षात आलं, आणि ती पायरी त्यांनी बदलली.

पुढच्या वर्षीचा तक्ताही ताईंनीच केला. त्यात बाईंच्या पहिल्या रकान्यात बाबा मोजले होते. ती नोंद दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या, असं कचेरीत त्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या की माझ्या वडिलांना मीच नीट मोजेन. या खेपेला खात्याने अट घातली की छापायचे तर दोन्ही रकाने, आणि त्यांचा अर्थही. मोठ्या वर्तमानपत्राने ते आतल्या पानावर, बारीक अक्षरात छापले. बाईंच्या नावापुढे आठ आणि अकरा होते. पुष्कळांनी वाचलं नसेल. काहींनी वाचलं.

त्यानंतर काही दिवसांनी एक गिऱ्हाईक आली. ओल्या केसांनी खुर्चीत बसली आणि आरशातून माझ्याकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली की आईचं हृदयाचं ऑपरेशन आहे, दोन ठिकाणी नकार मिळाला, आता त्या बाईंचं नाव सांगतात.

"तुमचे सासरे तिथेच गेले ना?"

"हो, तिथेच गेले."

"मग मी काय करू?"

मी कात्री खाली ठेवली. ताई असत्या तर त्यांनी कसं सांगितलं असतं याचा विचार केला, आणि मग मला सुचलं तसंच सांगितलं. "सासरे गेले यावरून तुमच्या आईचं काही ठरत नाही. बाईंकडे जा. तुमच्या आईसारखी शंभर आली तर किती घरी जातात, ते विचारा. त्या खरं सांगतात, आणि नको असलेलंही सांगतात. मग आईला ठरवू द्या."

"आणि तुमच्यावर पुन्हा वेळ आली तर?"

"पुन्हा त्यांच्याकडेच जाऊ," मी म्हटलं. हे बोलताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

तिच्या आईचं ऑपरेशन झालं. बरं व्हायला बरेच दिवस लागले. अलीकडेच त्या मुलीचा हात धरून, मध्ये दोनदा थांबत, माझ्या दुकानाच्या पायऱ्या चढून आल्या. हॉस्पिटलात पडून पडून केसांच्या गाठी झाल्या होत्या, त्या सुटत नव्हत्या. अगदी बारीक कापून टाक, म्हणाल्या, मानेला वारा लागू दे. मी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि कापायला सुरुवात केली.